आत्याचा गुडघा आणि सहावं पान

“लगीन जमंना म्हणून काय झालं? कागद वाचायच्या कामाला तरी येती की पोरगी!”

आत्याला वाटलं, ती हे हळू बोलली. पण आमच्या आत्याचं हळू बोलणं दोन घरं पलीकडे ऐकू जातं. हाडांच्या दवाखान्यातली बाहेरची खोली, भरलेल्या खुर्च्या, आणि मी कोपऱ्यात पाण्याच्या मशीनपाशी पाठमोरी. कमरेला पट्टा बांधलेली एक बाई तिला म्हणाली, “मग कशाला घाई करताय अक्का? र्‍हाऊ द्या की घरातच. फुकटचा वकील.” दोघी हसल्या. आत्या जरा जास्तच.

मी वळले नाही. ग्लास भरला, तिला नेऊन दिला. तिनं पाणी आधी निरखून पाहिलं, नेहमीसारखं, आणि “गाळलेलं न्हाय हे” म्हणून परत दिलं.

यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी मी जे केलं ते असं, सगळं, मी कुणाला सांगितलेलं नाही. मैत्रिणीला नाही, आईला नाही. आणि आधीच सांगून ठेवते — त्या हसण्यामुळे मी तसं वागले, असं मला म्हणायचं नाही. माणसं हसतात. मग सगळेच काय माझ्यासारखं वागतात?

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आई शाळेत शिक्षिका, सकाळी सातला बाहेर. त्यामुळे घर आत्याचंच. आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नाही, दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही. पण आत्याचं त्याच्याही पुढचं. तिला औषधाची कॅप्सूल दिली तर ती वरचं आवरण काढून टाकते — ते जनावरांच्या हाडांपासून करतात म्हणून — आणि आतली पूड गुळाच्या पाण्यातून घेते. मधातून नाही, मध तर मुळीच नाही. ती पूड इतकी कडू असते की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तरी घेते.

आणि हे सगळं तपासायचं काम माझं होतं. मी इंग्रजी शाळेत. दुसरीत मला अक्षरं लावून वाचता यायला लागली आणि त्या दिवसापासून घरात येणारं प्रत्येक पाकीट आधी माझ्या हातात. बिस्किटं, आइसक्रीम, टूथपेस्ट, सर्दीचं मलम. पाकिटावरचा हिरवा ठिपका तिला पुरायचा नाही. “ठिपका कोण बी छापंल. तू बारीक अक्षर वाच,” म्हणायची. दुकानदार ताटकळायचा, मागची माणसं ढकलायची, आणि मी एकेक शब्द वाचत उभी. मी मान हलवली की वस्तू पिशवीत. नाही तर परत फळीवर. मला ते फार आवडायचं — का खोटं बोलू? वर्गात माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे. इथे माझ्या एका मानेवर सगळं ठरायचं. आणि मी कधी चुकले नाही. एकदाही नाही. आत्यानं मला कधी दुसऱ्यांदा ‘नक्की का?’ असं विचारलं नाही, हे लक्षात ठेवा.

चौथीत असताना मी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाल्ला. अंड्याचा होता, मला माहीत होतं. कुणी पाहिलं नव्हतं. तरी घरी येऊन मी आत्याला सांगितलं. सांगायचं असतं, असं मला वाटलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपास करायला लावला. त्याचं मला काही वाटलं नाही. पण रविवारी स्वाध्यायाला बायका जमल्या तेव्हा मी पाण्याचे तांबे फिरवत होते, आणि आत्यानं त्यांना ती गोष्ट रंगवून सांगितली. तेव्हापासून मी ‘केकवाली’. घरात, बस्तीत — म्हणजे आमच्या जैन मंदिरात — लग्नकार्यात. “ही आमची केकवाली, धाकट्याची थोरली.” मी दहावी झाले, इंजिनियर झाले, घरातूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायला लागले — मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून — तरी केकवाली. दवाखान्याच्या आदल्या वर्षी जयसिंगपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं हसत विचारलं, “केकवाली का म्हणता हो?” आणि आत्यानं अख्खी गोष्ट हावभावांसकट सांगितली. आठ दिवसांनी नकार आला. केकमुळे आला असेल असं नाही. मी त्या पाहुण्यांशी तीन वाक्यंही बोलले नव्हते, त्यामुळेही आला असेल. पण मी तो हिशेब आत्याच्या नावावर टाकला.

बघा — मी पुन्हा कारणं सांगायला लागले.

तर, गुडघा. तिच्या उजव्या गुडघ्यातली गादी झिजली होती. हाडावर हाड घासत होतं. आधीच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं, आणि त्यानंतर जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही म्हणाले. आत्यानं तिथंच हात जोडले. “महाराज खाली पाटावर आन् मी वर खुर्चीत? ते न्हाय जमायचं डॉक्टर. लंगडी र्‍हाईन.” मग कुणीतरी स्टेम सेलचं सांगितलं. कमरेच्या हाडातून थोडी मज्जा काढायची, ती प्रयोगशाळेत पाठवायची, तिथे त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करून काही आठवडे वाढवायच्या आणि मग त्या गुडघ्यात सोडायच्या. त्या पेशींनी झिजलेली गादी सावरली तर सावरली. दवाखान्याच्या भिंतीवर निळ्या प्रकाशात उजळलेल्या गुडघ्याचं मोठं चित्र होतं. खाली लिहिलं होतं — शस्त्रक्रियेशिवाय. मला ते चित्र आवडलं नाही. डॉक्टरही आवडले नाहीत. “फरक पडेलच असं नाही” हे ते इंग्रजीत, माझ्याकडे बघून, भरभर बोलले. आणि “मावशी, सगळं तुमचंच आहे, बाहेरचं काही नाही” हे मराठीत, सावकाश.

मग त्यांनी संमतीचा कागद दिला. नऊ पानं, सगळी इंग्रजी. “घरचं कुणी वाचून सांगेल ना? मग सही करा. काही शंका असेल तर मी शेजारीच आहे.” आणि ते शेजारच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. त्यांचा आवाज येत होता. हेही लक्षात ठेवा.

आत्या तपासणीच्या उंच खाटेवर बसली होती, पाय लोंबकळत, लहान मुलीसारखे. तिला ना पेशींशी काही घेणं होतं, ना धोक्यांशी. मी जंतुसंसर्गाचं वाचून सांगायला लागले तर म्हणाली, “ते र्‍हाऊ दे. नशिबात असंल ते हुईल. जिवाचं, जनावराचं काय हाय का त्यात, एवढंच बघ.”

मी बघितलं. सहाव्या पानावर होतं. खालून तिसरा परिच्छेद. पेशी वाढवण्यासाठी जे द्रव वापरतात त्यात गाईच्या पोटातल्या, न जन्मलेल्या वासराच्या रक्तातून काढलेला अंश असतो. नंतर पेशी धुतात, तरी त्याचा थोडा भाग उरू शकतो. आणि त्याच्याच खाली — धार्मिक किंवा अन्य कारणाने हरकत असल्यास डॉक्टरांना सांगावे. माणसाच्या रक्तापासून केलेला पर्याय मागणीनुसार उपलब्ध आहे, त्यास काही दिवस अधिक लागतील.

काही दिवस अधिक. बस्स, एवढंच. मी दारापर्यंत चार पावलं चालायची होती.

मी ते दोनदा वाचलं. मी भांबावले होते का? इंग्रजी अवघड होतं का? नाही. पाकिटावरच्या बारीक अक्षरांवर वाढलेली मुलगी आहे मी. आत्याला खूप दुखत होतं, उगाच लांबायला नको, असा काही प्रेमळ विचार केला का? पुढे कित्येक महिने मी स्वतःला तेच सांगत होते. ते खरं नाही. मी वर बघितलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. पदराचा काठ नीट करत होती. तिला उत्तराची काळजीच नव्हती, कारण वाचणारी मी होते. आणि माझ्या मनात शब्दशः आलं — खा आता तूही केक.

“नाही,” मी म्हणाले. “काही नाही.”

तिनं सही केली. पूर्ण नाव, वेलांट्या गिरवून. त्याच्या खाली ‘वाचून समजावून सांगणाऱ्याची सही’ अशी ओळ होती. तिथे मी केली.

मज्जा काढली त्या दिवसापासून इंजेक्शनपर्यंत चांगले तीन-चार आठवडे गेले. मी कधीही फोन करू शकले असते. दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला होता. दूध काढताना रोज समोर यायचा. एकदा केलाही. पलीकडून “बोला” ऐकलं आणि इंजेक्शनची वेळ विचारून ठेवून दिला.

इंजेक्शनच्या दिवशी आत्या घाबरली. तिला घाबरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिनं माझा हात धरला, आणि तोंडानं णमोकार मंत्र चालू. मला दया आली का? तुम्हाला वाटेल, आली असेल. नाही आली. मी त्या सिरिंजमधल्या गढूळ पाण्याकडे बघत होते. सुई आत गेली. ती “आई गं” म्हणाली. मला बरं वाटलं. पोटभर जेवल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. ते वाटणं किती वेळ टिकलं? फार नाही. रिक्षात बसेपर्यंत. पण होतं.

पुढे तिचा गुडघा सुधारला. पेशींमुळे, की रोजच्या व्यायामामुळे, की वजन उतरल्यामुळे — डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सहा-सात महिन्यांनी ती कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर हळूहळू चढून गेली. घरी आल्यावर मला हाक मारली, स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घातली, आणि “बघ” म्हणाली. एवढंच. मग बसल्या बसल्या मेथी निवडायला घेतली. त्यानंतर ती मला केकवाली म्हणाली नाही. माफी मागितली नाही, फक्त ते नाव बंद झालं. बस्तीत बायकांना सांगायची, “आमच्या पोरीनं नऊच्या नऊ पानं वाचली. मगच मी सुई टोचून घेतली.”

तिनं तेव्हाही मला केकवालीच म्हटलं असतं तर मी हे आयुष्यभर सुखानं पोटात ठेवलं असतं. इतकी मी वाईट आहे.

मी मग खूप वाचलं. पेशी किती वेळा धुतात, उरलं तर किती उरतं. अगदी नगण्य, असं सगळीकडे लिहिलेलं. तेवढ्या वाचनानं माझे काही आठवडे बरे गेले. पण तिनं ‘किती आहे’ असं कुठे विचारलं होतं? ‘आहे का’ असं विचारलं होतं.

आणि मग गेल्या चातुर्मासात तिनं आणखी एक व्रत घ्यायचं ठरवलं. त्याआधी महाराजांपुढे आलोचना करायची असते — आपल्या हातून घडलेले दोष एकेक करून सांगायचे, आणि ते देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. ऐन वेळी विसरायला नको म्हणून तिला यादी हवी होती. तिचा हात थरथरतो. म्हणून लिहायला मी.

दोन दुपारी ती सांगत होती आणि मी वहीत उतरवत होते. गव्हातला किडा न बघता जात्यात गेला. तापात एकदा कॅप्सूल आवरणासकट गिळली, शुद्ध नव्हती. भावजयीला वाकडं बोलले. एकदा दिवस मावळल्यावर पाणी प्यायले, घसा सुकला होता. शेजारणीच्या सुनेची चहाडी केली. मग — “भाचीला चारचौघांत नावं ठेवली. ल्ही.” मी मान वर केली नाही. लिहिलं. “आणि काय हाय गं? इंजेक्शनं घेतली, औषधं घेतली... त्यात तर काय नव्हतं. न्हवं?”

मी म्हणाले, “नव्हतं.”

दुसऱ्यांदा. या वेळी कुणी हसलं नव्हतं. कुणी काही लागेलसं बोललं नव्हतं. माझ्या हातात पेन होतं आणि वहीत जागा होती. पहिल्या वेळी राग होता, असं तरी म्हणता येतं. या वेळी काय होतं? नुसती भीती. ती यादी घेऊन महाराजांकडे गेली, सगळं वाचून दाखवलं, प्रायश्चित्त म्हणून काही उपास घेतले, आणि केले. मी तिला पारण्याला मुगाचं पाणी करून दिलं.

दरवर्षी पर्युषणानंतर आमच्याकडे क्षमावाणी असते. लहानथोर सगळे एकमेकांपुढे हात जोडतात. कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा. मीही जोडत होते. दरवर्षी आत्यापुढे. ती म्हणायची, “क्षमा, क्षमा”, आणि पुढच्याकडे वळायची. त्या दिवशी नाही म्हणताच येत नाही कुणाला. मी तेवढ्यावर भागवत होते.

यंदा क्षमावाणीला पाच दिवस होते तेव्हा सुलोचनाकाकू आल्या. उचगावच्या, आत्याच्या स्वाध्यायातल्या. बारीक चणीच्या, आत्याहूनही कडक. गवळ्याकडे जाऊन धार काढताना समोर उभ्या राहतात आणि वासराला आधी पाजलं नसेल तर ते दूध घेत नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्यांच्या खांद्यातला स्नायूचा दोर फाटला होता. हात डोक्यापर्यंत जात नव्हता. वेणी सून घालते, याचंच त्यांना जास्त दुःख. आत्यानंच त्यांना त्या दवाखान्याचं सांगितलं होतं. त्याही आता पेशी घालून घेणार होत्या. पिशवीतून त्यांनी कागद काढला. तोच. नऊ पानं.

“बाळ, तेवढं वाच गं,” त्या मला म्हणाल्या. “आमच्यात कुणाला एवढं इंग्रजी येत न्हाय. नातू म्हणतो सगळं ठीक हाय, पर त्यानं चार ओळी बी वाचल्या न्हाईत. सोमवारी सही करायची हाय.”

आत्या लाडूसाठी रवा भाजत होती. तिथूनच ओरडली, “वाचायचं काय त्यात! माझ्या येळी वाचलंय की तिनं. जिवाचं काय न्हाय. असतं तर माझ्या अंगाला लागू दिलं असतं व्हय तिनं?”

“तसं न्हवं अक्का, तरी पर...”

“सुलू, तू गप सही कर जा. तिचा शब्द म्हणजे शब्द.”

मी पानं उलटली. सहावं आलं. खालून तिसरा परिच्छेद, एक शब्दही बदललेला नाही. ‘हो काकू, ठीक आहे’ असं म्हणायला मला काही कष्ट पडले नसते. दोनदा म्हटलं होतं, तिसऱ्यांदा सवयीनं निघालं असतं. नाही तर काकूंना हळूच दारापाशी गाठून सांगता आलं असतं, म्हणजे त्या वाचल्या असत्या आणि आत्याला कळलं नसतं. तेही मनात आलं. किंवा पाच दिवस थांबून, हात जोडायच्या दिवशी सांगता आलं असतं. तेव्हा आत्याला क्षमा म्हणावंच लागलं असतं. ते सर्वांत आधी मनात आलं.

मी उठून गॅस बंद केला. आत्या उलथनं हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. रवा करपेल की नाही, एवढीच चिंता तिच्या चेहऱ्यावर.

“काकू, सही करू नका,” मी म्हणाले. “यात वासराचं रक्त आहे. पोटातल्या वासराचं. दुसरंही मिळतं, डॉक्टरांकडे मागून घ्या. आत्या — तुझ्या वेळीही हेच होतं. मी तेव्हा वाचलं होतं. वाचून, मुद्दाम, नाही म्हणाले.”